सुईचा भार

सराफाच्या दुकानात माणसं दागिने करायला येतात, मोडायला येतात, निदान भाव तरी विचारून जातात. हिराजी मुकादम आमच्या पापडीच्या दुकानात पहिल्यांदा आले ते काटा मागायला. "तासाभरासाठी द्या," म्हणाले. जसं काही शेजाऱ्याकडून पहारच मागताहेत!

"काय तोलायचंय?"

"सुई."

"किती सोन्याची?"

"लोखंडी. फोनोची."

सोनाराचा काटा असा कोणाच्याही हातात जात नाही. शिवाय मी तापट माणूस. पण मुकादम पायरीवरच बसून राहिले आणि गिऱ्हाइकांना त्यांना ओलांडून यावं लागू लागलं, तेव्हा मीच काटा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. हा रोग मला जन्माचा जडणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर काटाच देऊन मोकळा झालो असतो.

मुकादम मिठागरावर कामाला. दिवसभर मीठ मोजायचं ते मणांत आणि खंडीत. आणि संध्याकाळी घरी आले की गुंजांत आणि माशांत, म्हणजे आम्हा सोनारांच्या वजनांत, बोलायला लागायचे. फोनोची, म्हणजे ग्रामोफोनची, सुई फिरत्या तबकडीवर टेकते तेव्हा ती तबकडीवर भार टाकते. तो भार नेमका किती, हे त्यांना हवं होतं. काट्याचं एक पारडं तबकडीच्या पातळीला आणायचं, त्यात सुई टेकवायची आणि दुसऱ्या पारड्यात वजनं घालत जायचं. काटा हातात धरून मी उकिडवा बसायचो, श्वास रोखून. दारं-खिडक्या बंद. एकदा मला शिंक आली तर मुकादमांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात शिमगाच केला असावा.

पहिल्या दिवशी भार भरला साडेअकरा तोळे. एवढं सोनं गावात एखाद्याच नवरीच्या अंगावर दिसायचं. मुकादमांचा चेहरा पार उतरला. "एवढा? एवढा तिच्यावर?" म्हणाले. ही 'ती' म्हणजे तबकडी, असं मी समजलो.

मग भार उतरवण्याचा कारखाना सुरू झाला. सुईच्या दांडीला मागच्या बाजूला वजन बांधलं की पुढची सुई हलकी होते, म्हणून अर्नाळ्याच्या कोळ्यांकडून जाळ्याचं शिसं आणलं. घड्याळाची स्प्रिंग लावली. त्यांचा मेहुणा मुंबईला असायचा, त्याच्याकडून सुई धरणारा, विजेवर बोलणारा नव्या तऱ्हेचा हलका पिकअप मागवला. गावात वीज नव्हती, म्हणून चावीचा फोनो आणि बॅटरीचा रेडिओ यांचं लग्न लावून दिलं. दर फेरफारानंतर मला बोलावणं. जेवत असलो तरी मुकादम दारात हजर, "शेठ, काटा!"

भाराचं खूळ इतकं वाढलं की माणसंही त्यातून सुटेनात. देवळात भजनीबुवा खड्या आवाजात सुरू झाले की हे मागून म्हणायचे, "बुवा, भार कमी करा." शेजारीण भांडी आदळायला लागली की तिलाही तेच. माझी बायको एकदा मला फैलावर घेत होती, तेव्हा हे ओटीवरून ऐकत बसले आणि जाताना मला हळूच म्हणाले, "वहिनींचा चार मासे जास्त हाय." बायकोने ऐकलं. पुढे महिनाभर आमच्या घरी त्यांना चहा नव्हता.

शेवटी एकदा मीच चिडलो. "मुकादम, बाजारातली तबकडी झिजली तर दुसरी घ्या! एवढं काय सोन्याचं पाणी दिलंय तिला?"

त्यांनी उठून कपड्यांची पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून एक तबकडी काढली. तिच्यावर चित्र नाही, नाव नाही. "चांगुणा हाय," म्हणाले.

चांगुणा त्यांची बायको. आसपासच्या गावांतली नावाजलेली धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्यांची गाणी म्हणणारी. लग्नात ती धवले गायला बसली नाही तर नवरीला हळद चढायची नाही. आणि मुकादमांना तेव्हा फोनोचं नवंनवं वेड. भाचीच्या लग्नात त्यांनी मंडपात फोनो आणून लावला. चांगुणाबाई गायला बसलेल्या, आणि सगळा मंडप उठून पेटीभोवती गोळा झाला. मुकादमांना त्या दिवशी कोण आनंद! बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. चौथ्या दिवशी भावाकडे मुंबईला निघून गेल्या. तिथे तापाचं निमित्त झालं आणि गेल्याच.

हा भाऊ, म्हणजे पिकअप पाठवणारा तो मेहुणा, एका ठिकाणी कामाला होता, तिथे माणसांचा आवाज तबकडीत भरून द्यायचे. बाई आजारी पडण्याआधी त्याने त्यांना तिथे नेलं होतं. ती तबकडी त्याने बाईंचं दिवसकार्य झाल्यावर आणून दिली. मुकादमांनी जुन्या फोनोवर लावली. बाईंचा आवाज आला, "मना भर मंडपात गप बसवलीस. त्या पेटीशीच संसार कर आता." आणि सुईखालून काळा बारीक दोरा निघू लागला. ही तबकडी मऊ होती. सुई तिला सोलत होती. मुकादमांनी सुई उचलली. निम्मी तबकडी ऐकायची राहिली, आणि मुंबईला नेऊन परक्या सुईखाली ती द्यायला ते तयार नव्हते.

"लोक म्हनतात, ती मना टाकून गेली," मुकादम म्हणाले. "आसंल. मेहुना बरं बोलतो, पन ता मना बरं वाटावं म्हनून. पुढं काय बोलली ता तिच्या तोंडून आयकल्याशिवाय मी कसा मानू?"

त्यानंतर बोलावणं आलं की मी जेवण टाकून जायचो. माझ्या तापटपणाचं काय झालं कोण जाणे.

भार उतरत गेला. तोळ्याच्या, म्हणजे बारा माशांच्या, आत आला, सहा मासे झाला, चार झाला, तीन झाला. तीन मासे भरले त्या दिवशी मुकादमांनी मला पेढा दिला. मग बाजारातली एक तबकडी लावून पाहिली, तर सुई कडेवरून घसरली ती थेट मध्यावर. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. सुई ठरेचना.

मेहुणा सुट्टीला आला तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. "दाजी, हलकी सुई उड्या मारते. उड्या मारून रेघा फोडते. ती जड सुईपेक्षा वाईट. आमच्याकडचे जाणकार सांगतात, सात मासे तरी पाहिजेच."

मुकादम शिसं काढायला तयार होईनात. ज्या भाराला इतकी वर्षं भ्यायले तो पुन्हा आपल्या हाताने तिच्यावर ठेवायचा! दोन दिवस ते मिठागरावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आले, "शेठ, काटा."

थोडं शिसं काढल्यावर सात मासे भरले. त्यांनी दोनदा खात्री केली. चावी दिली, तबकडी ठेवली. जिथे सुई उचलली होती त्याच्या पुढे ती हलकेच टेकवली. सोललेल्या भागानंतर आधी नुसती खरखर आली. मग बाई बोलल्या.

"...आजून चालूच हाय का रं ही?" त्या हसल्या. भाऊ मागून काहीतरी म्हणाला. मग त्यांनी धवल्याची सुरुवात केली, दोन शब्द गायल्या आणि खोकल्या. "ऱ्हाऊ दे. घसा बसलाय. त्याला सांग, पुनवेला मी घरी येते. तवा गाईन. मंडपात नाय हां. वटीवर बसून, त्या एकट्याला."

आणि तबकडी संपली.

मुकादमांनी सुई उचलली, तबकडी लुगड्यात गुंडाळली. "येनार होती," म्हणाले. पुन्हा म्हणाले, "शेठ, ती येनार होती." आम्ही दोघेही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग डोळे पुसून ते अगदी अदबीने म्हणाले, "शेठ, तुम्ही आता जावा. राग मानू नका. ती मना एकट्याला म्हनालीय."

मी काटा उचलून निघालो. रस्त्यावरून मागे वळून पाहिलं, तर मुकादम ओटीवर येऊन बसले होते, एका कडेला, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.