शूचं इंग्रजी

परदेशात नोकरी लागली ती बायकोला. मी तिच्या सामानाबरोबर गेलो. (व्हिसावर 'अवलंबून असलेली व्यक्ती' असं माझं अधिकृत वर्णन आहे. बायकोनं ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.) दोन महिने भांडी घासल्यावर माझा स्वाभिमान जागा झाला आणि कोपऱ्यावरच्या बालवाडीत इंग्रजी शिकवायची नोकरी मी पत्करली.

"अहो, पाच-पाच वर्षांची पोरं ती. झेपणार आहे का तुम्हाला?"

"एकवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलीत मी. भल्याभल्यांना रांगेत उभं केलंय!"

मुख्याध्यापिकेनं पहिल्याच दिवशी बजावलं, वर्गात फक्त इंग्रजी. मुलं त्यांच्या भाषेत बोलली तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. मला हे सोपंच होतं. त्यांच्या भाषेतलं ओ की ठो मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हत्तीचं चित्र धरून उभा होतो, तर दोन वेण्यांची एक चिमुरडी माझी बाही ओढायला लागली. काहीतरी पुटपुटली.

"इन इंग्लिश, प्लीज!"

ती पुन्हा तेच म्हणाली, या वेळी जागच्या जागी उड्या मारत.

"व्हेरी गुड! जंप! जंप!" मी ओरडलो. सगळा वर्ग उड्या मारायला लागला. (शिकवणं आपल्या रक्तातच आहे, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.) आणि मग तिच्या बुटांभोवती तळं साचलं.

ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. खिडकीपलीकडून लोकांनी माझा पुष्कळ उद्धार केला होता, पण इतकं खजील मला कुणी केलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मदतनीस बाई तिचे मोजे वाळत घालत होत्या. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येई. त्यांच्याकडून मी त्या चिमुरडीचा तो शब्द घोकून घेतला. दुसऱ्या दिवशी 'गुड मॉर्निंग'च्याही आधी दाराकडे बोट करून तो खणखणीत उच्चारला. एकोणीसपैकी अकरा पोरं जल्लोष करत पळाली. दारात मुख्याध्यापिका उभी.

"नियम काय आहे?"

"मोडला. उद्याही मोडणार," मी म्हणालो. "हत्तीला एलिफंट म्हणता आलं नाही, तर कुणाचे मोजे भिजत नाहीत. काढायचं तर काढा मला!" (आवाज वाघाचा होता. टेबलाआड मी माझा डबा पिशवीत भरायला घेतला होता, ते तिला दिसत नव्हतं.)

तिनं रिकाम्या झालेल्या अकरा खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा एक शब्द चालेल."

जिंकलो! शाळा सुटल्यावर ती दोन वेण्यांची न्यायला आलेल्या आईला माझ्याकडे बोट दाखवून अगदी अभिमानानं काही सांगत होती. आई कौतुकानं मान डोलावत होती. मी छाती पुढे काढली. मुलांसाठी लढणारा शिक्षक असा रोज थोडाच मिळतो!

"काय म्हणतेय हो?" मी मदतनीस बाईंना विचारलं.

बाई हसू दाबत म्हणाल्या, "म्हणतेय, नव्या सरांना आता शू आली की सांगता येतं."