कंडक्टर साइडचा गाल

पुढची खोली सुनेला द्यायची की मोबाइलवाल्या बसवराजला भाड्यानं द्यायची, हा प्रश्न आण्णासाहेबांच्या उमरग्यातल्या घरात दोन महिने चघळला जात होता. सून गौरी बी. फार्म झालेली. तिला सुरकुत्यांवरची क्रीम बनवून विकायची होती, पण जागा दाखवल्याशिवाय परवाना मिळत नव्हता. जागा म्हणजे तीच एक खोली, आणि बसवराज महिनाअखेरीला इसार घेऊन येणार होता.

"मामा, एकदा बघा तरी," गौरी म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. "ह्यात ग्लिसरीन आहे, हायल्युरॉनिक ॲसिड आहे..."

"ॲसिड? ब्याटरीतलं?" आण्णासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"नाही ओ. हे आपल्या कातडीत असतंच, पाणी धरून ठेवतं. वाळकी मनुका पाण्यात टाकली की टम्म फुगती का नाही, तसं. आणि थोडं रेटिनॉल आहे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या भावकीतलं. ते आत जाऊन कोलॅजन वाढवतं. कोलॅजन म्हणजे बाजेची सुतळी समजा. सुतळी सैल पडली की वरची वाकळ खचती, तीच सुरकुती."

सुतळी आण्णासाहेबांना पटली. पण एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, चाचणी घेतल्याशिवाय गाडी डेपोबाहेर कशी काढेल?

"लाव माझ्याच तोंडाला. पर एकाच बाजूला. दोन्ही टायर एकदम बदलल्यावर कुठलं चांगलं कळतं व्हय? ड्रायव्हर साइड तशीच ठिव, डाव्या गालाला, कंडक्टर साइडला लाव. महिन्याच्या आत कुणी न सांगता, न इचारता म्हनलं की तोंडात फरक दिसायलाय, तर खोली तुझी. न्हाय तर बसवराजची. ड्रायव्हरची जबान हाय."

रोज संध्याकाळी गौरी त्यांच्या डाव्या गालाला क्रीम लावू लागली. आण्णासाहेब डोळे मिटून, देवाला नैवेद्य दाखवताना बसावं तसे बसत. त्यांची बायको लक्ष्मीबाई चुलीपुढून हे सगळं बघायची. पाच पोरं वाढवलेल्या बाईला गालाला मलम लावून घेणारा नवरा बघणं ही करमणूकच होती.

आता आण्णासाहेबांनी आयुष्यात स्वतःचं तोंड असं नीट कधी पाहिलेलंच नव्हतं. दाढी न्हाव्याकडं, आणि गाडीतल्या आरशात मागचा ट्रक. विसाव्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा आरसा काढून उजेडात आणला, एकदा उजवा गाल बघितला, एकदा डावा, आणि पुन्हा उजवा. उजवीकडं डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जाळंच जाळं. डावीकडं मात्र चार-दोन रेघा.

"गौरे," ते हळूच म्हणाले, "ही तर जादू हाय गं."

त्या दिवसापासून ते डावा गाल रस्त्याकडं करून दारात बसू लागले. पंचविसाव्या दिवशी बसवराज खोलीचं माप घ्यायला आला, टेप हातातच राहिली. "आण्णा, तुमचं अर्धं तोंड पंधरा वर्षांनी लहान दिसायलंय की."

मग काय विचारता. गल्ली लोटली. निवृत्त हेडमास्तर भिंग घेऊन आले आणि पंधरा मिनिटं गालावरून उठेनात. आण्णासाहेब आधी उजवी बाजू दाखवत, "ही बिगर-क्रीमची," मग सावकाश मान फिरवत, आणि बघणाऱ्यांच्या तोंडून आपसूक "आगं बाबौ" निघे. लक्ष्मीबाईनं दोन दिवसांत सत्तर कप चहा केला. बसवराज हिरमुसून दुसरी जागा बघायला लागला आणि गौरीनं खोलीला रंग काढला.

एकोणतिसाव्या दिवशी कळंबहून शांतलिंग आले. आण्णासाहेबांचे जुने दोस्त, तेही एसटीचे ड्रायव्हर. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लक्ष्मीबाईच्या हातून चहा घेताना ते म्हणाले, "वैनी, लई ताजं दिसायलाव. माहेराला जाऊन आलाव व्हय?" त्यावर कुणाचंच ध्यान नव्हतं, कारण आण्णासाहेबांनी मान फिरवायला सुरुवात केली होती.

शांतलिंगांनी दोन्ही गाल बघितले आणि चहाचा घोट घेतला. "ह्यात काय? माझं बी तसंच हाय." त्यांनी स्वतःचं तोंड उजेडात धरलं. उजवीकडं जाळं, डावीकडं चार-दोन रेघा. "आन् म्या तर तोंडाला साबन सोडून काय लावलं न्हाय."

गौरी दोघांच्या उजव्या गालांकडं बघत राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. खोटं बोलली असती तर खोली तिचीच होती.

"मामा, हे क्रीमनं झालेलं नाही," ती म्हणाली. "ड्रायव्हरची खिडकी उजवीकडं. ऊन काचेतनंबी आत येतं आणि ती सुतळी कुरतडतं. तुमचा डावा गाल तरुण झाला नाही. उजवा गाल उन्हानं आधीच म्हातारा केला होता."

आण्णासाहेबांनी उजव्या गालावरून हात फिरवला. सोलापूरचा रस्ता, हैदराबादचा रस्ता, एकतीस उन्हाळे, सगळे एका गालावर येऊन बसले होते. त्यांना क्रीमपेक्षा याचंच जास्त नवल वाटलं. पण जबान ती जबान. "मंग खोली बसवराजची," ते कसंनुसं म्हणाले.

"थांबा," लक्ष्मीबाई म्हणाली. "गौरी लावून गेली की चिकट लागतंय म्हणून तुमी गमज्यानं तोंड पुसायचाव. रोज. एवढी चांगली वस्तू वाया जायली, म्हणून डबीतली म्या लावायले. दोन्ही गालांला."

सगळे वळले. लक्ष्मीबाईचा चेहरा खरोखरच तुकतुकीत, भरलेला दिसत होता. सत्तर कप चहा त्याच चेहऱ्यानं वाटला होता आणि एकाही माणसानं वर बघितलं नव्हतं.

"म्या तर आल्या आल्या बोललो," शांतलिंग म्हणाले. "न सांगता, न विचारता," गौरीनं अट आठवून दिली.

आण्णासाहेब बायकोकडं बघतच राहिले. मग गौरीला म्हणाले, "पाटी लाव तुझी." पण नजर काही हटेना. शेवटी त्यांनी विचारलं, "महिनाभर लावायलीस, आन् मला कसं दिसलं न्हाय?"

"कसं दिसंल?" लक्ष्मीबाई कप गोळा करत म्हणाली. "तुमी आरशात बघत व्हताव."