उत्तर ध्रुवाचं झाकण

साहेब, चूक तुमची आहे. तुमच्या खोलीच्या दाराला काच आहे आणि काचेवर तुमचं नाव आहे, म्हणून कुणी तोंडावर बोललं नाही. पण चूक तुमचीच. ऐन उकाड्यात कर्मचाऱ्यांना वादविवादाला जुंपायचं, विषय ठेवायचा 'हवामान बदलाला माणूस जबाबदार आहे की नाही', आणि कुणी कोणत्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, ही अक्कल तुमची. वर 'कुटुंबासह यावे' हेही तुमचंच. तुमच्या त्या एका चिठ्ठीनं एका घराची काय दैना केली, ते आता मुकाट्यानं ऐका.

'जबाबदार नाही' ही चिठ्ठी तुमच्या आवक-जावक विभागातल्या कारकुनाच्या हाती लागली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उभी नोकरी एकाची पत्रं दुसऱ्याकडे सरकवण्यात गेलेली. जबाबदारी आपली नाही, हे तो झोपेतून उठवलं तरी पटवून देऊ शकत होता. शिवाय जिंकणाऱ्याला एसीखालची खुर्ची मिळणार, अशी विभागात आवई उठलेली. त्याची सध्याची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या पाठीमागे, जिथून गरम वाफा मारतात तिथे होती. माणूस पेटून उठला.

त्याच समारंभाच्या केकची ऑर्डर त्याच्या बायकोला मिळाली होती. नवऱ्याच्या वशिल्यानं नव्हे, हे इथेच सांगून टाकायला हवं. ती घरी केक करते. तुमच्या कॅन्टीनवाल्यानं कुठल्याशा वाढदिवसाला तिच्या हातचा केक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. "ताई, आइस्क्रीमचा पृथ्वीचा गोळा जमेल का? जमला, तर दर महिन्याचे सगळे वाढदिवस तुमचे."

सगळे वाढदिवस! नवरा तिच्या कामाला 'तुझा विरंगुळा' म्हणायचा. सासूबाई 'ते क्रीमबीम' म्हणायच्या. दीर काहीच म्हणायचा नाही, नुसता खायचा. हा गोळा जमला असता तर तिच्या कामाला घरात पहिल्यांदा 'काम' म्हटलं गेलं असतं. तिनं जीव ओतून तो केला. निळा समुद्र, पिस्त्याचे हिरवे खंड आणि दोन्ही टोकांना पांढरेशुभ्र ध्रुव. डोंगरसुद्धा तिनं काडीनं कोरून काढले. मग तो गोळा स्वयंपाकघरातल्या आडव्या डीप फ्रीजरमध्ये ठेवला आणि समारंभाच्या दिवशी सकाळी सगळ्यांना समोर उभं केलं.

"मी गोळ्यासाठी खोकं आणायला चाललेय. येईपर्यंत या झाकणाला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही."

"अगं, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" नवरा म्हणाला.

"मला मेलीला काय करायचंय तुझ्या फ्रीजरशी?" सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, डोळ्यांत तेल घालून राखण करतो," दीर म्हणाला, आणि तिची पाठ वळायच्या आत आडवा झाला.

खोकेवाल्याकडे गोळ्याच्या मापाचं खोकं नव्हतं. त्यानं दोन खोकी जोडून एक केलं, तेही तिनं समोर उभं राहून करून घेतलं म्हणून. ते अंगाएवढं धूड सांभाळत ती घामाघूम होऊन घरी आली. दार उघडलं तर पायाखाली चिकचिक. पाणी. निळं पाणी. ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून बैठकीत शिरलं होतं आणि सोफ्याखालून निवांत पुढे सरकत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून विहिरीतून यावा तसा आवाज घुमला. "सभ्य स्त्री-पुरुषहो!"

ती धावली. निळी धार फ्रीजरच्या तळच्या भोकातून येत होती. फ्रीजरचं झाकण वर उचलून खाली तिचंच लांब उलथनं टेकू म्हणून लावलेलं होतं. नवरा कमरेपर्यंत आत वाकला होता आणि उत्तर ध्रुवाला सांगत होता, "हा बर्फ वितळतोय, पण त्यात मानवाचा काडीचाही दोष नाही!"

"अहो!"

तो दचकला, उलथनं निसटलं, झाकण धाडकन डोक्यात बसलं. नाकाच्या शेंड्याला क्रीम घेऊन तो बाहेर आला.

"तुम्ही आत काय करत होतात?"

"सराव. यात आवाज घुमतो गं, अगदी सभागृहासारखा. आणि बाहेर बघ काय उकडतंय."

"किती वेळ?"

"भाषण फक्त सात मिनिटांचं आहे."

"आणि म्हटलंत किती वेळा?"

"पाठ होईपर्यंत," तो म्हणाला.

तिनं झाकण उचललं. उत्तर ध्रुव घसरून पृथ्वीच्या पोटावर आला होता. समुद्र खंडांवर चढला होता. काडीनं कोरलेल्या डोंगरांचं नावनिशाण नव्हतं.

"वितळला," ती म्हणाली.

"वितळलेला दिसतोय खरा," नवरा आत डोकावून म्हणाला. "पण माझ्यामुळेच वितळला, हे कशावरून?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. सकाळपासून घोकून घोकून भाषण त्याच्या अंगात भिनलं होतं.

"बर्फ काय आज पहिल्यांदा वितळतोय?" तो म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात लाइट गेली तेव्हाही वितळला होता. तेव्हा मी घरात तरी होतो का? निसर्गाचं चक्र असतं ते. गार होतं, गरम होतं."

"आणि हे उलथनं? ते निसर्गानं लावलं?"

"उलथनं होतं आणि बर्फही वितळला. दोन्ही एका वेळी झालं, एवढंच म्हणता येईल."

तेवढ्यात दक्षिण ध्रुवाखालून फोन वाजायला लागला.

दीर लगबगीनं आला आणि खांद्यापर्यंत हात घालून त्यानं गोळ्याखालून आपला मोबाइल उपसला. मोबाइलबरोबर एक ओला, निळा झालेला उशीचा अभ्राही वर आला. तो सासूबाईंचा होता.

"मोबाइल तापला होता वहिनी," दीर म्हणाला. "म्हटलं, दोन मिनिटं गार करू. तीनचारदा फक्त."

"आणि आई, तुम्ही?"

"मानेखाली गार बरं वाटतं गं," सासूबाई म्हणाल्या. "गरम झाला की पुन्हा ठेवायचा. एवढासा तो अभ्रा! त्याचं भाषण बघ केवढं होतं."

"व्वा!" नवरा उसळला. "आई, तू पहाटेपासून उघडत होतीस. मी तर नाश्त्यानंतर सुरू केलं."

"मी तर आत्ता-आत्ता उघडायला लागलो," दीर म्हणाला. "तुम्ही दोघांनी मनसोक्त गारवा खाल्लात आणि आता मला शहाणपण शिकवताय? आधी आईला बंद करू दे, मग दादानं करावं, मग मी बघतो."

"मी एकट्यानं बंद ठेवून काय होणार?" नवरा म्हणाला. "तुम्ही दोघं उघडणारच."

हे सगळं चाललं होतं तेव्हा, साहेब, झाकण उघडंच होतं. तिघंही त्याच्या कडेला टेकून, वर येणारी गार हवा तोंडावर घेत भांडत होते.

"आधी झाकण लावा!" ती ओरडली.

"घाई करून चालणार नाही," नवरा म्हणाला. "कारण नक्की व्हायला हवं. उगाच झाकण लावलं आणि कारण वेगळंच निघालं तर?"

तिनं झाकण आपटलं. बोटं वाचली, ती तिघांच्या नशिबानं.

मग दिराला उपाय सुचला. त्याला उपाय सुचला की घरात काहीतरी मोडतं, हा अनुभव होता, पण अडवायला तिच्यात त्राण नव्हतं. "वहिनी, फ्रीजर बिचारा काय करेल? स्वयंपाकघरच भट्टी झालंय. आपण बाहेरून गार करू." त्यानं टेबलफॅन आणला, सासूबाईंच्या खोलीतला कूलर ओढत आणला, आणि दोन्ही फ्रीजरच्याच बोर्डात खुपसले. एक निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि अख्ख्या घराची वीज गेली. फ्रीजरनं शेवटची घरघर केली आणि गप्प झाला.

"आता मात्र यात कुणाचाही दोष नाही," अंधारलेल्या स्वयंपाकघरात नवरा म्हणाला. "वायरिंग जुनं आहे."

तिनं पंख्याचा आणि कूलरचा प्लग उपसून दिराच्या हातात दिला. ती बोलत होती तोपर्यंत बरं होतं, हे सासूबाईंना कळलं आणि त्या गुपचूप फडकं घेऊन फरशी पुसायला लागल्या. तिनं खिडकीतल्या अंधूक उजेडात जमेल तसा ध्रुव वर ढकलला. तो पुन्हा खाली आला. तिनं पुन्हा ढकलला. शेवटी निघायची वेळ झाली तेव्हा तिनं पृथ्वी आहे तशी खोक्यात घातली. वाटेत दिराच्या गाडीत ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती, सासूबाई त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या, आणि पुढच्या सीटवर नवरा खिडकीच्या काचेला सांगत होता, "काडीचाही दोष नाही!"

आणि साहेब, तुमचं सभागृह! दारं सताड उघडी, पाहुण्यांचं स्वागत म्हणून. आणि आत एसी असा सुटलेला, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर, ओढण्या, पिशव्या, मिळेल ते गुंडाळून घेतलेलं. तुम्ही स्वतः कोट घालून, गळ्यात मफलर अडकवून बसला होतात. उन्हाळ्यात! सासूबाई दात वाजवत म्हणाल्या, "अगं, सकाळीच गोळा इथे आणून ठेवायचा होतास."

'जबाबदार आहे' या बाजूनं हिशेब विभागातला एक सज्जन माणूस बोलला. सगळं खरं बोलला, पण कागदातून मान वर न काढता बोलला, त्यामुळे तुम्हाला डुलकी लागली. मग आमचा कारकून उभा राहिला. बर्फ याआधीही वितळलाय, म्हणाला. शंभर टक्के खात्री कुणाला आहे, म्हणाला. आधी ज्यांनी उघडलं त्यांना विचारा, मी एकट्यानं काय होणार, घाई करून चालणार नाही. स्वयंपाकघरातलं सगळं भांडण त्यानं तिथे ओतलं. आवाज तर असा घुमला की बस. फ्रीजरनं आपलं काम चोख केलं होतं. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस त्याला. तुम्ही म्हणालात, "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे." घरभर निळं पाणी झालेल्या बाईनं हे ऐकून घेतलं, साहेब.

मग केक आला. कॅन्टीनवाल्यानं खोकं उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. वाकडी, ओघळलेली पृथ्वी, कमरेला ध्रुव. कोपऱ्यात उभ्या असलेल्या तिला वाटलं, संपलं. सगळे वाढदिवस गेले.

आणि तुम्ही टाळी वाजवलीत.

"वा! वितळती पृथ्वी! काय कल्पना आहे! बघा, बघा, याला म्हणतात विचार!" मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. कॅन्टीनवाला तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, वाढदिवस पक्के. पण असेच करा हं, वाकडे. साहेबांना आवडलेत." तिनं जीव ओतून केलेल्या डोंगरांना कुणी विचारलं नाही. वाढदिवस मिळाले, ते नासाडीला.

"कल्पना कुणाची?" तुम्ही माइकवरून विचारलंत.

तिनं तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं स्टेजवर चढून तुमच्या हातातला माइक घेतला आणि छाती पुढे काढून म्हणाला, "माझीच, सर. हे सगळं मीच घडवून आणलं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. दीर पुटपुटला, "मेला दादा."

ती स्टेजवर गेली. तिनं नवऱ्याच्या हातातून माइक घेतला. "तुम्ही? म्हणजे गोळा तुम्ही वितळवलात?"

"तसं नाही गं... म्हणजे, कल्पना..."

"ही कल्पना नाही. सकाळी हा धड होता. आता असा आहे. मघाशी म्हणालात, माणसाचा काडीचाही दोष नाही. आता म्हणता, मी केलं. दोष द्यायचा तेव्हा निसर्ग आणि टाळ्या घ्यायच्या तेव्हा तुम्ही? एक काहीतरी बोला. सगळ्यांसमोर बोला."

तो तुमच्याकडे बघायला लागला. हो म्हटलं तर बक्षीस जातं, नाही म्हटलं तर कौतुक जातं. एसीखालची खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर तरंगत होती. आणि तुम्ही, साहेब, घसा खाकरून म्हणालात, "हा विषय गुंतागुंतीचा आहे. आपण एक समिती नेमू. तोपर्यंत केक कापू या."

तुम्ही सुरी घातलीत. सुरी आत जाईना. तुमच्या सभागृहात तो गोळा पुन्हा दगडासारखा गोठला होता, आहे तसा, वाकडाच. तुम्ही जोर लावलात आणि सुरी वाकली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तिनं पुढे होऊन खोक्याचं झाकण लावलं आणि त्यावर तळहात ठेवून ती उभी राहिली.

ती अजून उभी आहे, साहेब. कॅन्टीनवाल्याला तिनं सांगून टाकलंय, वाढदिवस करीन, पण सरळ करीन. वाकडे हवे असतील तर दुसरी बाई शोधा. तुमची समिती तिला नको आहे. दोन्ही बाजूंतलं तथ्यही नको. नवरा तुमच्याकडे बघतोय, दीर आईकडे बघतोय, आई छताकडे बघतायत. उत्तर मिळाल्याशिवाय खोकं उघडणार नाही, असं तिनं बजावलंय आणि माइक तुमच्या तोंडापुढे धरलाय. वाकडी सुरी खाली ठेवा, मफलर जरा सैल करा, आणि चार माणसांत एकदाच, नीट ऐकू येईल असं सांगा: झाकण कुणी उघडं ठेवलं?