पडवीतलं चाक

भर वैशाखात, आभाळात बोटभर ढग नसताना, स्वतःच्या पडवीत, छपराखाली इरलं बांधून बसलेला माणूस मी रोज पाहतो. शेतकरी लावणीच्या वेळी घेतात तेच इरलं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. फरक एवढाच की शेतकरी ते पाठीवर घेतो आणि आमचे मयेकर ड्रायव्हर छातीवर बांधतात.

मयेकर माझे शेजारी. मांडवी बंदराकडे उतरणाऱ्या आमच्या आळीत एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं आहेत. उत्तरेचं माझं, दक्षिणेचं त्यांचं. पडवी एकच, मध्ये साडेतीन फुटांची भिंत. ही उंची अंदाजाने लिहिलेली नाही. मी मोजणी खात्यात नोकरी करतो आणि मोजल्याशिवाय काही सांगायचं नाही ही सवय आता घरीही लागली आहे.

मयेकर अठ्ठावीस वर्षं आगबोटींच्या इंजिनावर होते. मोठ्या लढाईतही होते. तीन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि शिवणयंत्राचा पायाने हलवायचा लोखंडी सांगाडा घेऊन. त्या सांगाड्यावर त्यांनी धारवाल्याकडचं दगडी चाक बसवलं आणि पडवीत सहाणा करायला सुरुवात केली. आपल्याकडचा जांभा या कामाला निरुपयोगी, सगळी भोकंच. म्हणून ते देवरूखकडच्या एका गाडीवानाकडून नदीतले काळे दगड मागवतात. दगड आधी छिन्नीने बेतशीर करायचा, मग चाकावर धरून गुळगुळीत करायचा. तयार सहाण ज्याच्या हाती लागेल त्याला देऊन टाकायची. आमच्या आळीत घरं तेवीस आणि सहाणा एकतीस आहेत. हकीमसाहेबांकडे दोन आहेत, त्यावर ते मुळ्या उगाळतात. माझ्याकडे चार आहेत. चंदनाचं खोड एकच आहे.

मयेकरांचं जगाविषयीचं निदान एका वाक्यात संपतं. "कुठंतरी गळतंय, भाऊ." आळीतला कोणी मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसला, की त्याच्या अभ्यासात कुठंतरी गळतंय. म्युनिसिपालिटीचे कंदील आठ वाजता विझले, की तेलात गळतंय. माझं पोट बिघडलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, आणि ते त्या वेळी फारसं चूक नव्हतं.

त्यांचं स्वतःचं गळत होतं ते चाकापाशी. कोरडा दगड घासला की पीठ उडतं. ते त्यांना मुळीच चालत नाही. "बोटीवर कोळशाची धूळ खाऊन माझ्याबरोबरचे दोघं खोकून खोकून गेले," ते सांगतात. "दगड ओलाच घासायचा." म्हणून चाकावर घासलेटचा डबा टांगलेला, त्याच्या तळाला भोक, भोकात कापडाची वात, आणि वातीतून चाकावर थेंब थेंब पाणी. धूळ बसली. पण फिरतं चाक ते पाणी स्वतःजवळ ठेवीना. राखाडी चिखलाचा पंखा करून चहूकडे उडवी.

पहिल्याच दिवशी माझ्या वाळत घातलेल्या धोतरावर ठिपके पडले. धोतर हातात घेऊन मी भिंतीपाशी गेलो.

"ड्रायव्हर, हे काय?"

त्यांनी धोतर उलटसुलट पाहिलं. "किती लांब होतं?"

"काय?"

"दोरी. चाकापासून."

मी भांडायला गेलो होतो, पण प्रश्न आकड्याचा होता. मी घरातून फीत आणली. सात फूट चार इंच भरले.

"म्हणजे फुल स्पीडला सात-चार," मयेकर म्हणाले. "हाफला किती जातंय बघूया?"

संध्याकाळपर्यंत आम्ही नऊ मापं घेतली. धोतराचा विषय राहूनच गेला. तो आमच्या हिने जेवताना काढला.

पण खरी अडचण माझं धोतर नव्हती. ती राधावहिनींची जमीन होती. मयेकर समुद्रावर असताना राधावहिनींनी हे घर एकटीने चालवलं. एक मुलगी वाढवली, ती नाटे गावात दिली. घराची जमीन त्या दर सोमवारी आणि गुरुवारी स्वतः सारवतात. अशी जमीन मी दुसरी पाहिलेली नाही. तिच्यावर पाणी उडालं की आधी ठिपके, मग खळगे, मग निसरडं. पहिल्या आठवड्यातच वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मयेकर तीन हातांवर बसले होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, सांगा त्यांना. माझ्या सारवणावर थेंब दिसला, तर ते चाक दर्यात जाईल."

"ऐकू आलं," मयेकर म्हणाले.

तेव्हापासून तीन वर्षं मयेकरांचा निम्मा वेळ सहाणेत आणि निम्मा पाणी आवरण्यात गेला. आधी त्यांनी चारी बाजूंनी गोणपाट लावले. ते तासाभरात भिजले आणि स्वतःच गळू लागले. मग दांडा कापलेली छत्री चाकापुढे आडवी बांधली. पाणी छत्रीवर आपटून मागे फिरलं आणि मयेकरांच्या मिशीत बसलं. इरलं आलं ते त्यानंतर. मग एका जुन्या शिडाला डांबर फासून त्याचा पडदा केला. त्याने पाणी अडलं, पण राधावहिनींच्या पापडांना डांबराचा वास लागला आणि शीड दुसऱ्या दिवशी नाहीसं झालं. कुठे गेलं ते आम्ही विचारलं नाही.

शेवटी मी वहीतले आकडे समोर ठेवले. पडदा चाकापासून जितका दूर, तितका तो मोठा लागत होता आणि तितका कमी उपयोगी पडत होता. मयेकरांनी आकडे वाचले. मग त्यांनी काथ्याचा एक जाड कुंचला वळला आणि चाकाला अगदी टेकेल असा बांधला, म्हणजे जादा पाणी चाकावरून तिथेच निपटलं जाई. चाकावर पत्र्याचा टोप घातला. खाली पोफळीची पन्हळ लावून पाणी घराच्या कडेने माडाच्या मुळाशी सोडलं. सात-चारचे एक-दोन झाले. इरलं मात्र सुटलं नाही. उरलेलं एक-दोन सगळं त्यांच्याच अंगावर येत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. चाक मधेच थांबे. एका सकाळी मी मोजलं, तासात अकरा वेळा. डबा ठिबकत असे, दगड हातात असे, आणि मयेकर पाय उचलून अर्धा मिनिट नुसते बसून राहत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बेअरिंग तापतं." मी हात लावून पाहिला. गार होतं.

गेल्या शिमग्यानंतर मुलीच्या सासूबाई यायच्या होत्या. वहिनींनी सगळं घर सारवून घेतलं होतं. पाण्याबरोबर जाणारं दगडाचं पीठ पन्हळीत बसत जातं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. त्या दिवशी पन्हळ तुंबली. दिवसभराचं पाणी मागे फिरलं आणि भिंतीच्या बुडातून माजघरात शिरलं. कळलं तेव्हा माजघराच्या मधोमध दीड फूट रुंदीचा राखाडी चिखल झाला होता आणि सासूबाईंचा पाय त्यात होता.

वहिनी ओरडल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर त्या भिंतीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, सांगा त्यांना. उद्यापासून चाक या घरात नको."

दर्याचं नाव त्यांनी काढलं नाही, त्यावरून मी समजलो की हे खरं आहे.

तोड निघण्यासारखी होती. बंदरावर मयेकरांच्या चुलतभावाची खोपी रिकामी पडली होती. होड्या दुरुस्त करायच्या थांबल्यापासून तिथे कोणी जात नव्हतं. मी स्वतः जाऊन पाहून आलो, आणि सकाळी कागद घेऊन मयेकरांकडे गेलो. ते चाकाचे बोल्ट सैल करत बसले होते. आत पाट्यावर वाटप वाटल्याचा आवाज येत होता.

"खोपी अठरा बाय बारा," मी सांगितलं. "जमीन वाळूची, पाणी पडलं की जिरलं. कितीही उडू दे. अंतर दोनशे बारा पावलं."

"माझी दोनशे चाळीस भरली."

"मोजलीत? मग अडचण काय?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "भाऊ, तुम्ही आकड्याचे माणूस म्हणून सांगतो. अठ्ठावीस वर्षांत मी घरी राहिलो ते सगळं मिळून एकेचाळीस महिने. सुट्टीवर आलो की ही पाहुण्यासारखं ताट वाढायची नि गप्प. मला वाटायचं, हिला बोलायचीच सवय नाही. कायमचा आलो तेव्हा कळलं, ही दिवसभर बोलते. कोंबड्यांशी, चुलीशी. भाताच्या टोपाला म्हणते, तू पण उतू जा, तुझंच राहिलंय. मी समोर गेलो की इस्टाप."

"मग?"

"नुसता बसलो तर विचारते, काय हवंय. हातात काम असलं की मी आहे हे विसरते, नि बोलत राहते. म्हणून दगड घेतला. चाक थांबवलं की ऐकू येतं. परवा मांजराला सांगत होती, लढाईच्या साली माझं पत्र सहा महिने नव्हतं, तेव्हा ही रोज बंदरावर येऊन उभी राहायची. इतकी वर्षं मला कोणी बोललं नव्हतं हे." त्यांनी पाना पुन्हा उचलला, पण फिरवला नाही. "खोपी चांगली आहे. पण तिथून ऐकू येत नाही. मी उभा राहून बघितलं."

मी कागदाची घडी केली. आतलं वाटप थांबलं होतं. केव्हा थांबलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दणदण आवाजाने मी बाहेर आलो. राधावहिनी पदर खोचून पहारीने पडवीचा कोपरा खणत होत्या. तेवढा तुकडा त्यांनी दर आठवड्याला दोनदा, तीस-एक वर्षं सारवलेला होता. ढेकळं सुटून बाजूला पडत होती. परसात रचून ठेवलेले चिरे त्यांनी आधीच दाराशी आणून ठेवले होते. मयेकर उंबऱ्यात उभे होते, आणि आपण नेमकं कुठे उभं राहावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"भाऊजी," वहिनी थांबून म्हणाल्या, "न्हाणीला उतार किती ठेवतात?"

"फुटाला पाव इंच."

"मग तेवढाच ठेवते. चिऱ्यांवर वरून चुना घालू. पाणी माडाकडे जाऊ दे, आणि पन्हळ रोज धुवायची."

"मी धुवीन," मयेकर म्हणाले.

वहिनींनी पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "चाक इथे बसवा. तोंड आतल्या बाजूला करून."

त्या जागेवरून सरळ स्वैंपाकघराची चूल दिसते. मी म्हटलं, "वहिनी, तसं बसवलं तर उजेड पाठीमागून येईल. दगडावर सावली पडेल."

"उजेड राहू दे, भाऊ," मयेकर म्हणाले, आणि पहिला चिरा उचलायला वाकले.