डबा दिसला पाहिजे

आमच्या कौसाबाई कुणाला नमस्कार करत नाहीत. माणूस समोर आला की त्याचा उजवा हात धरायचा, उताणा करायचा, तळव्यावर अंगठा दाबायचा आणि निकाल सांगायचा. "खुरप्याचा हात." "विळ्याचा हात." निकाल फारच वाईट असेल तर, "गादीचा हात." माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव चर्चच्या पायरीवर उभा होता, फोटोवाला सगळ्यांना थांबा थांबा म्हणत होता, तेवढ्यात कौसाबाईंनी पुढे होऊन त्याचा हात दाबला आणि साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, "मऊ हाय. पर ऊन लागलं की हुईल." ते जावई अजूनही आमच्याकडे आले की हात खिशात घालून बसतात.

राहात्याला आमच्या मागच्या गल्लीत कौसाबाई राहतात. पन्नास वर्षं मुकादमीण आहेत, म्हणजे शेतमजूर बायांची टोळी त्यांची. पेरूची तोडणी असो की कांद्याची लागण, बागाईतदार कौसाबाईंना निरोप धाडणार, कौसाबाई बाया गोळा करणार, आणि कुणी कुठल्या सरीत बसायचं तेही त्याच ठरवणार. मला त्या 'मास्तरीनबाई' म्हणतात, कारण माझी सगळी नोकरी शाळेत गेली.

नोकरीच्या आधी मी अर्धा दिवस त्यांच्या टोळीत होते. हे लोकांना सांगायची मला हौस नाही, पण कौसाबाई सांगतातच, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. बावीस वर्षांची होते, डी.एड. पास, ऑर्डर यायची होती, आणि 'श्रमाची प्रतिष्ठा' या निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं. तेवढ्या तयारीवर मी पेरू तोडायला गेले. इस्त्रीची साडी, काळा गॉगल. एकेक पेरू तोडून पदरानं पुसत होते आणि शेजारच्या बाईला त्यातल्या जीवनसत्त्वांची माहिती देत होते. माझी टोपली अर्धी होईतो बाकीच्यांची दोन झाडं उरकली होती. जेवणाच्या सुट्टीत कौसाबाईंनी माझा हात दाबला. "खडूचा हात," म्हणाल्या. "घरी जावा. ऑर्डर येईस्तवर झोप काढा." मी पुढे दोन वर्षं त्यांच्यावर रुसले होते. त्यांना हे अजून माहीत नाही.

माझी नात शेरॉन चोवीस वर्षांची. ऑस्ट्रेलियाचा एक व्हिसा असतो. तरुण पोरांनी वर्षभर तिकडे फिरायचं आणि खर्चापुरतं मिळेल ते काम करायचं. अर्ज फार येतात म्हणून चिठ्ठ्या टाकतात. शेरॉनची चिठ्ठी निघाली. मी हे सगळं कौसाबाईंना नीट समजावून सांगायला बसले, तर त्यांनी मला निम्म्यावर थांबवलं.

"म्हंजी रोजंदारीचा पासपोर्ट. सरळ सांगा की."

माझ्या मुलाला, विलासला, नेमकं तेच पटत नव्हतं. पदवीधर मुलगी, आणि परदेशी जाऊन रोजंदारी. शेवटी बापलेकीत तह झाला. सहा आठवडे. तेवढ्यात काम मिळालं तर वर्ष तिचं. नाही मिळालं तर परत यायचं आणि नाशिकचं स्थळ बघायचं. शेरॉननं सरळ हात पुढे केला आणि बापाशी शेकहँड केला. हा करारीपणा आमच्या घरात कुठून आला कोण जाणे. मी तर बघायला आलेल्या पहिल्याच मुलाला हो म्हटलं होतं, कारण त्याच्या सायकलला दिवा होता.

निघायच्या दिवशी कौसाबाईंनी शेरॉनचाही हात दाबला, बराच वेळ. "ह्यो हात अजून कशाचाच न्हाई," म्हणाल्या. "बरं हाय. शिकंल."

तिकडे शेरॉननं मोठ्या शहरात चार आठवडे नुसते अर्ज वाटले. हॉटेलं झाली, दुकानं झाली. सगळे गोड हसून अर्ज घ्यायचे आणि कळवतो म्हणायचे. आपल्याकडे दुपारी एक वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा, तिकडे तेव्हा संध्याकाळ. कौसाबाई एकाच्या ठोक्याला आमच्या स्वयंपाकघरात हजर. "बायांना जेवाया सोडलंय. म्हनलं, पोरीला बघून जावं."

एक दिवस त्यांना राहवलं नाही. फोन माझ्या हातातून घेतला.

"आज किती कागद वाटले गं?"

"एकवीस, कौसाआजी."

"आनि तोंड कुनाला दावलं?"

शेरॉननं हातातले उरलेले अर्ज खाली ठेवले.

"काम काय टपालानं येतंय व्हय? बसल्या मानसाला काम दिसत न्हाई, आनि कामाला बसल्यालं मानूस दिसत न्हाई. तिकडं बागा न्हाईत का?"

"आहेत, संत्र्याच्या. पण लांब, खेड्यात."

"मंग शहरात काय करतीस? खेड्यात जा. उजाडायच्या आत चौकात उभी ऱ्हा. सावलीला न्हाई, गाडी जिथं हळू हुती तिथं. आनि हातात डबा पायजे. पिशवीत न्हाई. डबा दिसला पायजे."

यात थट्टा नव्हती. आमच्या चौकात सकाळी उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात भाकरीचा डबा असला की बागाईतदाराला कळतं, ही दिवसभराच्या तयारीनं आली आहे. डबा नसलेली बाई बाजाराला निघालेली असेल, माहेरी निघालेली असेल. तिच्यासाठी कुणी टेम्पो थांबवत नाही.

"आनि आणखी एक," कौसाबाई फोन नाकाला लावून म्हणाल्या. "गाडीत आधीच बाई बसल्याली असंल तरच चढायचं. नसंल तर म्हनायचं, माझी मानसं येत्यात मागून."

"अहो, तो ऑस्ट्रेलिया आहे," मी म्हटलं. "तिथे असं चौकात उभं राहून काम मिळत नसतं."

"तुमी गेल्ता व्हय?"

मी गेले नव्हते. शेरॉन मात्र गेली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एका लहान गावात खोली घेतली. गावात चौक असा नव्हता, पेट्रोल पंप होता, तिथे गाड्या वळताना हळू व्हायच्या. सोमवारपासून ती तिथे पहाटेच्या थंडीत उभी राहायला लागली. हातात आम्ही दिलेला स्टीलचा डबा.

पहिल्या दिवशी एका म्हातारीला वाटलं, हिची बस चुकली. तिनं दोन केळी दिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी थांबली. पोलिसानं फार अदबीनं विचारलं, डब्यात काय आहे. शेरॉननं उघडून दाखवला. त्यानं बटाट्याच्या भाजीचा वास घेतला आणि शुभेच्छा देऊन निघून गेला. तिसऱ्या दिवशी पाऊस होता. पंपावरच्या बाईनं आतून खुर्ची आणून दिली.

"बसलीस?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाही."

"शाबास."

चौथ्या दिवशी एक गाडी थांबली, पण आत एकटा माणूस होता. "मी म्हटलं, माझी माणसं मागून येताहेत," शेरॉन म्हणाली, आणि ते ऐकून मी दोनदा पाणी प्यायले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, कुणीच थांबलं नाही.

"आजी, परवा सहा आठवडे संपतात," तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबांना शब्द दिलाय. मी तिकीट बघते."

"उद्या शनवार हाय ना?" कौसाबाई मधेच म्हणाल्या.

"आहे."

"मंग?"

शनिवारी सकाळी मी चर्चसाठी फुलं आणायला चौकात गेले. साडेसात वाजून गेले होते. टेम्पो भरून गेले होते, बाया आपापल्या कामाला गेल्या होत्या. वळणाच्या कोपऱ्यावर कौसाबाई एकट्या उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात डबा. एक उशिराचा टेम्पो वळला, तशी त्यांनी मान ताठ केली. ड्रायव्हरनं खिडकीतून "राम राम मुकादमीनबाई" म्हटलं आणि टेम्पो पुढे गेला.

"टोळी कुठाय तुमची?" मी विचारलं.

"कसली टोळी? दिवाळीपासनं न्हाई. नव्या मुकादमाकडं टेम्पो हाय, बाया बसून जात्यात. पाय दुखत्यात म्हनल्या. पायाचं खरंच हाय त्यांच्या."

"मग रोज एक वाजता बायांना जेवायला सोडलंय म्हणता, ते?"

"बिनटोळीच्या मुकादमाचं पोरगी ऐकंल व्हय?"

मला राग आला. खरं म्हणजे आठवडाभर साठलेली भीतीच बाहेर आली. "कौसाबाई, तुम्हालाच इथे कुणी कामाला नेत नाही, आणि माझ्या नातीला तुम्ही परक्या मुलखात रोज उभं करता?"

त्या रस्त्याकडेच बघत होत्या. "सोमवारी ती उभी राहिली, त्या दिसापासनं मी बी उभी हाय. पोरगी तिकडं एकटी असती. मी घरात बसून कुठल्या तोंडानं सांगू, उभी ऱ्हा म्हनून?"

"अहो, पण तुम्ही इथे येता तेव्हा तिकडे दुपार झालेली असते. ती केव्हाच खोलीवर गेलेली असते."

"असंल. घड्याळ येगळं हाय. उभं ऱ्हायाचं सारखंच."

पस्तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले आणि उत्तरं दिली. इथे मात्र "चला घरी," एवढंच म्हटलं.

"नवाच्या आत जागा सोडायची नसती."

मी फुलांची पिशवी कठड्यावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. नवापर्यंत तीन टेम्पो गेले, एक ट्रॅक्टर गेला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोटारसायकल थांबवली. "बाई, कुठं सोडू का?"

"कामाला," कौसाबाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघतच गेला.

दुपारी एक वाजला तरी फोन आला नाही. सव्वा झाला. विलास जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपवर तिकिटांचं पान उघडून बसला होता. कौसाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मी दोनदा खुर्ची पुढे केली, त्यांनी दोनदा मागे सारली. एक वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

शेरॉनचं तोंड उन्हानं लालबुंद झालं होतं, केसात पानं होती, गालावर एक लांब ओरखडा.

"आजी, गाडी थांबली. आत तीन बाया होत्या, चालवणारी पण बाईच. तिनं डब्याकडे बोट करून विचारलं, जेवण घेऊन आलीस का? मी हो म्हटलं. म्हणाली, चढ. तिची दोन माणसं आज आली नव्हती. आता सोमवारपासून रोज ये म्हणालीय."

विलासनं लॅपटॉप मिटला. म्हणाला, "ऊन लागलंय तुला. टोपी घे एक." त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

कौसाबाईंनी फोन घेतला. शाबासकी वगैरे काही नाही.

"संत्रं वढून तोडलं का?"

"आधी ओढलं. मग त्यांनी कातरी दिली."

"फांदी मोडली?"

"एक."

"एक चालती. संगतीच्या बायांची नावं इचारली का?"

"विचारली ना. एकीनं मला हातमोजे दिले."

"उद्या डब्यात तिच्यापुरतं जास्ती घाल."

"उद्या रविवार आहे, कौसाआजी."

"मंग सोमवारी घाल."

शेरॉन हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ती तशी हसली असेल. मग म्हणाली, "माझंच चाललंय मघापासून. तुमचं काम कुठं चालू आहे सध्या? आज किती बाया होत्या टोळीत?"

कौसाबाईंनी फोन जरा लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कांदा चिरत होते. मान वर न करता चिरत राहिले.

"दोन," त्या म्हणाल्या. "एक नवी हाय. कामाचं अजून बघितलं न्हाई. पर उभी बरी ऱ्हाती."