माळ्यावरचा संसार

सरूने जवळ्याची पुडी सोडली आणि जवळा भाजायचा सोडून पुडीचा कागदच वाचत बसली. कागद म्हणत होता, पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, समुद्र वर चढणार. किती चढणार, तो कोपरा नेमका फाटलेला. (तो असता तर निदान हिशेबात घाबरता आलं असतं.)

सरू रोह्याकडच्या खांब गावची, भातशेतीतली. पुंडलिकला धरमतरच्या जेट्टीवर टाइमकीपरची नोकरी लागली, म्हणून महिन्यापूर्वीच बिऱ्हाड खाडीकाठी आलेलं. उंबऱ्यापासून पन्नास पावलांवर खाडीचा बांध, बांधापलीकडे पाणी.

तिने खाडीत खुणांची काठी रोवली. रोज सकाळी बरोब्बर सातला जाऊन बघायची. पाणी रोज हातभर वर! सहाव्या दिवशी काठीच दिसेना. सरूची झोप उडाली, जेवण सुटलं. तांदूळ, साखर, चहापत्ती, स्टोव्ह, अंथरुणं, सगळं माळ्यावर गेलं. रात्रपाळी करून आलेल्या पुंडलिकलाही तिने शिडीवरून वर धाडलं.

"अगो, दिवसा झोपायला पण वरच?"

"समुद्र काय पाळी बघून येतो व्हय?"

शेजारची धोंडुबाई मिठागरावर जन्म काढलेली. काठीची कहाणी ऐकून ती बांधावर बसून हसली.

"गो सरू, भरती रोज पाऊण तास उशिरा येते. तू रोज सातलाच बघतेस, नि या आठवड्यात भरती सातच्या जवळ सरकतेय, तर पाणी रोज जास्तच दिसणार! टाइमकीपरची बायको ना गो तू?"

सरू ओशाळली. तरी म्हणाली, "पण कागदात लिवलंय ते खोटं नाय ना?"

धोंडुबाईचं हसू थांबलं. "खोटं कशाला असल? आमच्या लहानपणी पाणी एवढं चढत नव्हतं. पण घरात बसून समुद्र उतरतो काय? आवसेच्या उधाणाला दोन दिस हायत, खेकड्यांनी बांध पोखरलाय. उद्या घरटी एक माणूस बांधावर. तू ये."

दुसऱ्या दिवशी सरू गुडघाभर चिखलात. घमेली उचलली, शिव्या ऐकल्या, दोन नव्या शिकली. दुपारपर्यंत कागद डोक्यातून पार गेला. तेवढ्यात एका जागी बांध खचला. बांधाचं काम सांगणारा केरू ओरडला, "आडवं घालायला लाकूड आणा! घरात काय असल ते!"

सगळ्यांच्या आधी सरू धावली आणि सगळ्यांच्या आधी परत आली. तिने आणलेलं आडवं पडलं, वर चिखल बसला, बांध धरला.

"रोहेकरीण कामाची हाय!" केरू म्हणाला.

सरू घरी आली ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा हलकी होऊन. पायांचा चिखलही न धुता ओटीवर आडवी झाली नि घोरायला लागली.

जागी झाली ती आरोळीने. "सरूऽऽ! अगो शिडी कुठं हाय?"

सरू ताडकन उठली. वर माळ्याच्या कडेला पुंडलिक, पाय खाली सोडून बसलेला.

"तीन वाजल्यापास्नं बोंबलतोय! पाणी आलं काय?"

"नाय वो. बांध वाचला." सरूने पायांवरचा चिखल दाखवला. "शिडी त्याच्यात हाय."

पुंडलिकने पाय वर ओढून घेतले. मग म्हणाला, "बरं झालं. धोंडुबाईची शिडी आण. पण आधी कपभर चहा दे वर. घसा बसलाय."

"देते वो, आत्ता देते," म्हणत सरू लगबगीने स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे वळली आणि तिथंच थबकली.

"अवो," ती वर बघून हळूच म्हणाली, "तेवढा तुम्हीच करता काय? मला पण अर्धा कप. सगळं तुमच्यापाशीच हाय."