वादिराजांची केशरी वडी

"साबणात काय आहे मोठं? तेल आणि सोडा. तीस वर्षं पोरांकडून करून घेतलाय मी!"

असं वादिराज हुदलीकरांनी बायकोला ठणकावून सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. धारवाडच्या एका कॉलेजातून रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून ते नुकतेच, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, रिटायर झाले होते. त्या तीस वर्षांत पोरांचा साबण एकदाही धडपणे जमून आला नव्हता, एवढंच त्यांनी हेमावतींना सांगितलं नाही.

साबण हवा होता अक्कासाठी. भागीरथीअक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच वादिराजांना न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. वय बहात्तर, नवलगुंदाकडच्या खेड्यात एकटी राहायची. गेल्या वर्षी न्हाणीत घसरून पडली, तेव्हा नाना विनवण्या करून त्यांनी तिला मालमड्डीतल्या आपल्या घरी आणलं. आणि आता ती परत निघाली होती. कशावरून? तर राखेवरून.

अक्काचं मडी, म्हणजे सोवळं, भारी कडक. पहाटे अंघोळ करून मडीचं लुगडं नेसली की तिला कुणी शिवायचं नाही, आणि देवाचा स्वयंपाक तिनेच करायचा. दुकानातल्या साबणात चरबी असते असं तिला कुणीतरी सांगितलं, त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून अंगाला हरभऱ्याचं पीठ आणि हाताला चुलीतली राख. इथे स्वयंपाक गॅसवर. गॅसला राख कुठून यायची? बिचारी तुळशीकट्ट्यातली माती घेऊन हात घासायची. बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यात मीठ-तिखट जाऊन झोंबायचं.

"वादी, हे घर तुमचं चांगलं आहे हं," ती म्हणाली. "पण माझं मडी इथे निभत नाही. श्रावण झाला की मला बसमध्ये बसवून दे."

पुन्हा त्या न्हाणीत ती एकटी, या विचारानंच वादिराजांची झोप उडाली. मग एका सकाळी, अक्का मठात प्रवचनाला गेलेली बघून, ते कामाला लागले. घाण्यावरचं खोबरेल आणलं, सुभाष रोडवरून कॉस्टिक सोडा आणला. साबण अक्कासाठी, म्हणजे तो मडीतच व्हायला हवा. म्हणून अंघोळ करून ओला पंचा गुंडाळला, आणि सोडा उडू नये म्हणून डोळ्यांवर कॉलेजातला मोठा चष्मा चढवला.

"अहो, पूजेला निघालात की वेल्डिंगला?" हेमावतींनी विचारलं.

दोन तास घोटून हात गळ्यात यायची वेळ आली, तेव्हा कुठे मिश्रण दाटलं. भेगांना बरी म्हणून हळद घातली, ती सोड्यात पडून छान केशरी झाली. परातीत ओतून दुसऱ्या दिवशी कापायचं काम हेमावतींकडे आलं. आता परातीत थापलेलं काहीही त्यांना एकाच तऱ्हेने कापता येई. तिरक्या सुरीने त्यांनी भराभर वड्या पाडल्या.

साबण चाळीस दिवस मुरायला हवा. वादिराजांनी परातीवर फडकं टाकलं आणि ती मडीच्या कपाटात अगदी वर ठेवली. मडीत केलेलं मडीतच राहिलं म्हणजे अक्काला बोलायला जागा नको. जमला तर सांगू, नाही जमला तर गुपचूप फेकू, असं ठरलं.

अडतिसाव्या दिवशी श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला. सवाष्ण म्हणून शेजारच्या शांताबाईंना जेवायला बोलावलं होतं. हेमावती बाहेर त्यांना हळदीकुंकू लावत होत्या, आत अक्काने देवापुढे ताट ठेवून डोळे मिटले होते. वादिराज दारातून हात जोडायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. ताटात पुरणपोळीशेजारी दोन केशरी वड्या होत्या.

नैवेद्य झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं. "अक्का, ही वडी?"

"मडीच्या कपाटात होती. हेमाने शुक्रवारची म्हणून आधीच करून ठेवली, बोलली पण नाही. गुणाची आहे हो."

"चव बघितलीस?"

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "नैवेद्याची चव? वास घेत नाही आपण, आणि चव? तुला कुणी वाढवलं रे?"

झालं! आता खरं सांगावं, तर देवाला साबण दाखवला म्हणून अक्का आजच बस पकडणार. न सांगावं, तर शांताबाई साबण खाणार. पानं मांडली गेली. अक्का शांताबाईंना वडी वाढायला वाकली.

"त्यांना नको!" वादिराज ओरडले. "त्यांना शुगर आहे."

"मला?" शांताबाई घाबरल्या. "कधीपासून?"

"म्हणजे, चेहऱ्यावरून वाटलं. हेमालाही गोड नको. सगळ्या मलाच वाढ अक्का, मला फार आवडतात."

"लहानपणापासून असाच अधाशी," असं कौतुकाने म्हणत अक्काने सहा वड्या त्यांच्या पानात वाढल्या. आणि समोरच उभी राहिली. "खा. प्रसाद आहे, पानात टाकायचा नाही."

वादिराजांनी खाल्ली. एक अख्खी. दुसरीचा तुकडा मोडताना त्यांना उचकी लागली आणि ओठांच्या कोपऱ्यातून फेस आला.

"अहो," पाण्याचा तांब्या घेऊन नुकत्याच आत आलेल्या हेमावती किंचाळल्या, "तो साबण आहे ना?"

अक्का भिंतीला टेकून खाली बसली. "मी देवाला साबण दाखवला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग वादिराजांनी फेसासकट सगळं सांगितलं. खोबरेल, सोडा, ओला पंचा. "तुझ्या हातांसाठी केला गं अक्का. तू जाऊ नये म्हणून."

अक्काने डोळे पुसले. परातीतली एक वडी उचलून ती मोरीपाशी गेली. सकाळपासून तुपात माखलेले हात तिने बराच वेळ धुतले, मग उजेडात धरून उलटसुलट पाहिले.

"झोंबत नाही रे," ती म्हणाली. "चरबी?"

"थेंबभर नाही."

"मडीत केलास, देवालाही दाखवून झाला. मग मला कसली हरकत?"

श्रावण संपला, भाद्रपदही गेला, बसचं नाव अक्काने काढलं नाही. भेगाही भरत आल्या. मात्र तेव्हापासून प्रत्येक नवा साबण आधी देवापुढे जातो. पोटात घ्यायचा नाही, असं वादिराजांनी बजावल्यावर अक्काने तेवढी सवलत दिली. ती वडी त्यांच्यापुढे धरते आणि म्हणते, "नुसती जिभेला लाव. प्रसादाला नाही म्हणू नये." वादिराज लावतात आणि धावत जाऊन चूळ भरतात.

हेमावती आता साबण चौकोनी कापतात. चवीत काही फरक पडलेला नाही, असं वादिराज सांगतात.